खोटं प्रेमपत्र की आईच्या आजारपणाची तार?

युद्ध, हेरगिरी, माया आणि समुद्र हे सगळं एकाच एकांकिकेत हवं असेल, तर दोन खऱ्या घटना समोर येतात. १९४३चं ब्रिटिशांचं ‘ऑपरेशन मिन्समीट’ आणि १९७१मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’. कोणती घ्यायची?

मिन्समीटचं अर्धं नाटक हेरांनीच लिहून ठेवलंय. उंदरांच्या विषाने मेलेल्या ग्लिन्डर मायकेल या वेल्श माणसाला ‘मेजर विल्यम मार्टिन’ बनवलं आणि ३० एप्रिलला त्याचा मृतदेह सेराफ पाणबुडीतून स्पेनच्या वेल्वाजवळ पाण्यात सोडला. बॅगेत जर्मनांना ग्रीसवरच्या हल्ल्याची हूल देणारी पत्रं. हल्ला झाला तो १० जुलैला सिसिलीवर. पण खरी गंमत आहे मेजरच्या खिशात. ‘पॅम’ या वाग्दत्त वधूची दोन पत्रं, तिचा फोटो (तो गुप्तचर खात्यातल्या एका कारकून मुलीचा), अंगठीचं बिल, ओव्हरड्राफ्टबद्दल बँकेचा तगादा. पत्रं शंभरदा वाचल्यासारखी दिसावीत म्हणून त्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालून मोडल्या. एक टेबल, तीन नट, आणि कागद मऊ करत बसलेला एक अधिकारी: प्रयोग उभा राहतो.

अडचण एवढीच की पॅम कधी नव्हतीच. रडायचं कुणी? मायकेलचं खरं नाव थडग्यावर कोरलं गेलं तेही १९९८मध्ये. हलक्या हाताने, विनोदाच्या अंगाने लिहिणाऱ्याला हे झकास.

गाझी मात्र जड आहे. ती आपल्या विमानवाहू नौकेच्या, ‘विक्रांत’च्या शोधात आली होती. विक्रांत अंदमानकडे, आणि तिच्या नावाने संदेशांची वर्दळ करत होती जुनी विनाशिका ‘राजपूत’. पूर्व नौदल कमांडचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी नंतर सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे, विक्रांतवरचा एक खलाशी आजारी आईची चौकशी करतोय असा एक संदेशही मुद्दाम उघड्यावर पाठवला होता. ३-४ डिसेंबरच्या मध्यरात्री स्फोट झाला आणि नव्वदहून जास्त माणसं पाणबुडीसह तळाशी गेली. राजपूतने टाकलेल्या पाणबुडीविरोधी बॉम्बनी, असं आपलं म्हणणं. पाकिस्तानच्या मते पाणबुडीवरच अपघात झाला. एकांकिकेने यात पंच होऊ नये.

पाणबुडी रंगमंचावर दाखवायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका, पत्र्याची पिंपं दिसतात. नेपथ्य संदेश-कक्षाचंच ठेवा.

पहिलाच प्रयोग असेल तर मिन्समीट घ्या, ती निभावते. मला विचाराल तर मी गाझी घेईन, ती त्या एका संदेशासाठी. तो टाइप करणाऱ्या पोराला मध्येच विचारू द्या, “सर, आईला नक्की काय झालंय म्हणून लिहू?”