बी हाइव्ह सिरपचे जुने हॉकी फोटो: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात इथे कॅनडात, एअरपोर्ट रोडवरच्या इंटरनॅशनल सेंटरला स्पोर्ट कार्ड एक्स्पो होता, पोराला खेळाडूंची कार्डं हवी होती म्हणून गेलो आणि एका टेबलावर बुटाच्या खोक्यात उभे लावून ठेवलेले हे काळे-पांढरे फोटो दिसले. ३२ फोटोंचा लॉट, ३६० डॉलर. घेऊन टाकला. आज ७१ झालेत, त्यामुळे आता काहीतरी सांगण्याइतका अनुभव आलाय असं वाटतं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हे काय आहे ते. आम्ही टोरंटोशेजारच्या मिसिसागात राहतो, आणि इथेच पोर्ट क्रेडिटला सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीचा कारखाना होता. मक्यापासून बी हाइव्ह नावाचं सिरप बनवायचे, आपल्या काकवीसारखं घट्ट, पण रंगाला सोनेरी. १९३४ मध्ये त्यांनी स्कीम काढली की सिरपच्या डब्यावरची कागदी पट्टी पोस्टाने पाठवा आणि आवडत्या हॉकी खेळाडूचा (इथे हॉकी म्हणजे बर्फावरची आइस हॉकी) फोटो मिळवा. ही स्कीम १९६७ पर्यंत चालली! हजाराच्या आसपास वेगवेगळे फोटो निघाले. लहानपणी आपण बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटची चित्रं जमवायचो तोच प्रकार, फक्त इथे गम नाही तर घरातलं सिरप संपवायचं, म्हणजे आईवर अवलंबून. कारखाना केव्हाच बंद पडला पण ऑफिसची इमारत लेकशोर रोडवर अजून उभी आहे, मी इतकी वर्षं तिच्यासमोरून गाडी नेत होतो.

फोटो हातात घेतल्यावरच मजा कळते. साधारण साडेपाच बाय आठ इंच, मागे जाड कागद. कार्डापेक्षा बराच मोठा, त्यामुळे चेहरा नीट दिसतो. हेल्मेट जवळपास कुणाच्याच डोक्यावर नाही, केस चापूनचोपून बसवलेले. आणि गोलकीपर! तोंडावर काहीच नाही. टोरंटोचा गोलकीपर टर्क ब्रोडाचा फोटो बघा, अंगावर एवढे पॅड आणि चेहरा उघडा. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा शॉट मॉन्ट्रियलचा गोलकीपर जॅक प्लांटच्या तोंडावर बसला, टाके घालून परत आला तो मास्क घालूनच, आणि तिथून मास्क रुळला. हे मी आधी वाचलं होतं पण ब्रोडाचा उघडा चेहरा समोर ठेवून वाचलं तेव्हा पोटात गोळा आला.

माझ्या लॉटमधला सगळ्यात जवळचा फोटो बिल बॅरिल्कोचा. खाली पांढऱ्या वळणदार अक्षरात नाव, चार कोपऱ्यांना चार टाचण्यांची भोकं, वरचं डावं भोक जरा फाटलेलं, म्हणजे कुणीतरी भिंतीवरून घाईत ओढून काढलेला. २१ एप्रिल १९५१ ला याने मॉन्ट्रियलविरुद्ध ओव्हरटाइममध्ये गोल मारून टोरंटो मेपल लीफ्स या आपल्या टीमला स्टॅनली कप, म्हणजे इथल्या हॉकीतला सगळ्यात मोठा चषक, जिंकून दिला. त्या फायनलच्या पाचही मॅच ओव्हरटाइमला गेल्या होत्या. त्याच ऑगस्टमध्ये तो उत्तरेला मासे पकडायला छोट्या विमानातून गेला आणि विमानच गायब. वय फक्त २४. लीफ्सना पुढचा कप मिळाला थेट १९६२ मध्ये, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच विमानाचे अवशेष सापडले.

आमच्या शेजारचे आजोबा ८२ वर्षांचे, मूळचे उत्तर ओंटारियोतल्या टिमिन्सचे, म्हणजे बॅरिल्कोच्याच गावचे. त्यांना फोटो दाखवला तर किती तरी वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले की त्या वर्षी शोधाची विमानं जायची आणि आम्ही पोरं अंगणात उभं राहून वर बघायचो. त्यांच्या तोंडून हे ऐकलं तो दिवस मी विसरणार नाही.

आता व्यवहाराचं, कारण यात माझं नुकसान झालंय. सुरुवातीला मी फोटो एका दुकानातून आणलेल्या स्वस्त प्लास्टिक पाकिटांच्या अल्बममध्ये लावले. चार महिन्यांनी लीफ्सचा खेळाडू टीडर केनेडीचा काढायला गेलो तर चिकटलेला, आणि ओढल्यावर जर्सीवर चकाकता डाग राहिला. ती पाकिटं पीव्हीसीची होती, त्यातलं मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि फोटोला धरतं. नवीन वासाचं, मऊ, चिकट लागणारं प्लास्टिक असेल तर अजिबात घेऊ नका. पॉलीप्रॉपिलीन किंवा मायलारची पाकिटं घ्या, थोडी महाग आहेत पण पाच महिन्यांत एकही फोटो चिकटला नाही.

दुसरं म्हणजे नकली माल. मॉन्ट्रियलचा मोठा खेळाडू मॉरिस रिचर्ड याचा एक फोटो ऑनलाइन ९० डॉलरला घेतला, वर्णनात ओरिजिनल लिहिलेलं. दहा पट भिंग लावलं तर काळ्या-पांढऱ्या फोटोत निळे-गुलाबी बारीक ठिपके, म्हणजे घरच्या प्रिंटरवर काढलेला. पैसे परत मिळायला सात आठवडे गेले आणि रोज मेल. तेव्हापासून भिंग आणि यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च या दोन वस्तू कायम खिशात. अंधारात टॉर्च मारला की आजचा पांढरा कागद निळा चमकतो कारण त्यात उजळपणासाठी रसायन असतं, तीसच्या दशकातला कागद मंदच राहतो. पण ही टेस्ट सुरुवातीच्या फोटोंनाच लावा, शेवटच्या वर्षांतला खरा फोटोसुद्धा चमकू शकतो, त्यामुळे नुसत्या टॉर्चवर विसंबू नका.

किमतीचं म्हणाल तर साधा खेळाडू मला १० ते १५ डॉलरला पडला, मोठी नावं अर्थातच जास्त. टाचणीची भोकं असतील तर भाव उतरतो, पण मी तेच शोधून घेतो. कधीकाळी कुणा पोराच्या खोलीत लावलेला फोटो मला कोऱ्यापेक्षा जास्त हवा. पुढे विकायचा विचार असेल तर मात्र माझं ऐकू नका.

या नादात फिरणंही खूप झालं. टोरंटोला हॉकीच्या म्युझियममध्ये, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, जुन्या बँकेच्या तिजोरीत स्टॅनली कपचं १८९२ सालचं मूळ भांडं ठेवलंय, ते बघितलं. मेपल लीफ गार्डन्स हे लीफ्सचं जुनं स्टेडियम, जिथे बॅरिल्कोने तो गोल मारला, तिथे आता खाली किराणा सुपरमार्केट आहे आणि एका रांगेत जमिनीवर लाल ठिपका आहे, रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा मध्य. लोक ट्रॉली ढकलत त्याच्यावरून जातात. मी पोराला त्याच्यावर उभं केलं आणि बॅरिल्कोची गोष्ट तिथेच सांगितली.

सध्या मॉन्ट्रियलचा जुना खेळाडू हाउई मॉरेन्झच्या फोटोमागे आहे. जानेवारी १९३७ मध्ये मॅचमध्ये पाय मोडला आणि मार्चमध्ये हॉस्पिटलमध्येच वारला तो. त्याचा फोटो परवडेल अशा भावात मिळत नाहीये. कुणाकडे जास्तीचा असेल, भोकं पडलेला चालेल, तर सांगा, माझ्याकडे बदल्यात एक चांगला, न चिकटलेला टीडर केनेडी आहे.