कार्बन डायऑक्साइड मीटर: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो: जरूर घ्या, पण अवरक्त किरणांवर चालणाराच घ्या. या नावाखाली दोन प्रकारची यंत्रं विकली जातात. स्वस्तातली बरीचशी कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. हवेतली इतर बाष्पं ओळखून त्यावरून अंदाजाने आकडा दाखवतात, त्यामुळे जवळ सॅनिटायझर चोळलं तरी आकडा उसळतो. ज्यांच्या खोक्यावर 'एनडीआयआर' लिहिलेलं असतं त्यांच्यात अवरक्त प्रकाशाचा एक छोटा दिवा असतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू साधारण 4.26 मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन तो शोषत नाहीत. पलीकडे प्रकाश किती कमी पोचला त्यावरून आकडा निघतो. माझ्या मीटरजवळ अत्तर फवारलं तरी तो ढिम्म राहतो. तोंडाजवळ धरून श्वास सोडला की मात्र थेट 5000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) टोकाला जाऊन थांबतो, कारण उच्छ्वासात जवळपास 4 टक्के, म्हणजे 40,000 पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो.

या 40,000 मुळेच मीटरकडे बघण्याची माझी पद्धत बदलली. बाहेरच्या हवेत सध्या 420 च्या आसपास असतो. दारं-खिडक्या लावून दोघं झोपलो की पहाटे आकडा 2400 च्या घरात दिसतो. म्हणजे 2000 ची भर. ती 40,000 च्या 5 टक्के. याचा अर्थ खोलीतल्या हवेचा विसावा भाग आधीच कुणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेला आहे! मला हे फार मोलाचं वाटतं. वर्गात, बैठकीच्या खोलीत, जिथे एखादा खोकणारा बसलेला असतो तिथे तर जास्तच.

बंद खोलीत डोकं जड झालं की 'ऑक्सिजन कमी पडला' असं सर्रास म्हटलं जातं. हिशेब करून बघा. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 250 मिलिलीटर ऑक्सिजन घेतो आणि 200 मिलिलीटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तेव्हा कार्बन डायऑक्साइड 0.2 टक्क्यांनी वाढेपर्यंत ऑक्सिजन जेमतेम पाव टक्का घटतो: 20.9 वरून 20.65. समुद्रसपाटीवरून हजार मीटर वर गेल्यावर त्याचा दाब याहून कितीतरी जास्त उतरतो, आणि तिथे माणसं मजेत राहतात. कोंदटपणाचं कारण ऊब, दमटपणा आणि साचलेले वास यांत शोधायला हवं. माझ्या मीटरवर आर्द्रताही दिसते. रात्रभर दोन्ही आकडे जोडीने चढत जातात, कारण प्रत्येक उच्छ्वास बाष्पाने भरलेला असतो.

आता 250 आणि 200 हे आकडे वेगळे का? ग्लुकोज जळताना जितके ऑक्सिजनचे रेणू लागतात तितकेच कार्बन डायऑक्साइडचे रेणू सुटतात. चरबी जळताना हे प्रमाण 0.7 पर्यंत उतरतं. शरीर दोन्ही वापरतं, म्हणून सरासरी 0.8 च्या आसपास येते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: आपण आत घेतलेल्या ऑक्सिजनचं पेशीत पाणी होतं. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो.

ऊर्जेचा हिशेबही यातच आहे. एक लीटर ऑक्सिजन वापरला गेला की सुमारे 20 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. मिनिटाला पाव लीटर म्हणजे 5 किलोज्यूल, म्हणजे 80 वॅटच्या आसपास. जुन्या काळचा पिवळा बल्ब जितकी वीज घ्यायचा तितकी! 180 ग्रॅम ग्लुकोज ज्वाळेत जाळलं तर साधारण 2800 किलोज्यूल उष्णता एका झटक्यात सुटते. पेशीतही एकूण तेवढीच सुटते, पण टप्प्याटप्प्याने. तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रात (मायटोकॉन्ड्रिया), इलेक्ट्रॉन हातोहात ऑक्सिजनपर्यंत पोचवले जातात, वाटेत ऊर्जेचा काही भाग एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूत साठतो, उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. बंद खोलीत दोरीवरच्या उड्या मारल्या की आकडा झरझर चढतो, तेव्हा हेच डोळ्यांदेखत घडत असतं.

तक्रारी आहेत. तापमान एक-दीड अंश जास्त दाखवतो, कारण आतला दिवा स्वतःच तापतो. खिडकी उघडल्यावर आकडा उतरायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. सगळ्यात महत्त्वाचं, तो स्वतःला आपोआप जुळवून घेतो: गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा बाहेरच्या हवेचा धरतो. खोली कधी नीट उघडलीच नाही तर तो हळूहळू कमी दाखवू लागतो. म्हणून अधूनमधून गच्चीत किंवा उघड्या खिडकीत ठेवा. रात्री खिडकी चार बोटं उघडी ठेवली तर आमच्याकडे आकडा हजाराच्या आत राहतो.

आणि हा मीटर आहे म्हणून बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइड हा वेगळा वायू आहे. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो, त्याला वास नसतो, आणि या मीटरला तो दिसतच नाही. त्याच्यासाठी वेगळा अलार्म लागतो.