डायनाबीड्स एम-२७० स्ट्रेप्टाव्हिडिन: दूध तपासणीच्या कामात कसे वाटले

आमच्या प्रयोगशाळेत दुधातलं अफ्लाटॉक्सिन एम१ तपासतात. बुरशी लागलेला मका किंवा सरकी पेंड जनावराच्या पोटात गेली की त्यातलं बी१ हे विष यकृतात एम१ होतं आणि दुधात उतरतं. आपल्याकडे मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपात त्याचा दहावा भाग. इतकं थोडं विष दुधातून वेचायला अँटिबॉडी (नेमकं तेच विष ओळखून धरणारं प्रथिन) कशावर तरी पक्की बसवावी लागते, आणि बसवल्यावरही ती विष धरती राहायला हवी. खरी अडचण इथेच असते. प्रथिन प्लास्टिकवर नुसतं चिकटवलं तर त्याची घडी उलगडते, नाहीतर विष धरायची बाजूच पृष्ठभागाकडे तोंड करून बसते. चिकटलेलं भरपूर दिसतं, पण काम करणारं थोडंच असतं.

हे बीड्स म्हणजे २.८ मायक्रॉनचे चुंबकीय मणी, वर स्ट्रेप्टाव्हिडिनचा थर, म्हणजे बायोटिनला घट्ट धरणाऱ्या प्रथिनाचा. अशा एकसारख्या मण्यांचं मूळ नॉर्वेतल्या त्रोनहाइमच्या जॉन उगेलस्टाड यांच्या १९७०च्या दशकातल्या कामात आहे. एकसारखेपणाचा फायदा हातात घेतल्यावर कळतो: नळी चुंबकाच्या स्टँडला लावली की तपकिरी पट्टा झटकन एका बाजूला जमतो आणि वरचं पाणी स्वच्छ. अँटिबॉडी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, एकेक थेंब पडायची वाट बघणं संपलं, साय अडकून कॉलम तुंबणंही संपलं. तरी दूध आधी सेंट्रिफ्यूज करून साय काढाच.

याच घरातले एम-२८० जास्त लोकांना माहीत आहेत. डीएनएसाठी ते उत्तम. पण त्यांचा पृष्ठभाग पाण्यापासून दूर पळणारा आहे, आणि दुधातली प्रथिनं अशा पृष्ठभागावर हमखास चिकटतात. एम-२७०चा पृष्ठभाग पाणी धरणारा आहे. दुधासाठी माझं मत सरळ एम-२७०लाच.

आता बायोटिनबद्दल, कारण निम्मं यश तिथे आहे. बायोटिन हे एक छोटं जीवनसत्त्व; ते अँटिबॉडीला जोडलं की त्याच्या आधाराने अँटिबॉडी मण्यावर बसते. स्ट्रेप्टाव्हिडिन बायोटिनला जे धरतं ते सहसा सोडत नाही, त्यामुळे अँटिबॉडीला बायोटिन कुठे आणि किती लावलं यावर सगळं ठरतं. एनएचएस-बायोटिन (प्रथिनाला आपोआप जोडलं जाणारं बायोटिन) लायसिन या अमिनो आम्लावर बसतं, आणि लायसिन अँटिबॉडीभर विखुरलेले असतात, विष धरायच्या खाचेतसुद्धा. जास्त बायोटिन घातलं की तीच खाच बुजते. अँटिबॉडीच्या रेणूंच्या २० पट बायोटिन घ्यायची पद्धत सर्रास आहे; आम्ही ५ पटीवर आलो आणि तिथेच थांबलो. लांब दांडीचं (एलसी) बायोटिन घ्या, कारण स्ट्रेप्टाव्हिडिनमधली बायोटिनची जागा खोलगट असते. अँटिबॉडी ट्रिस बफरमध्ये असेल तर आधी बफर बदला, आणि बीएसए (टिकण्यासाठी घालतात ते गाईच्या रक्तातलं प्रथिन) घातलेली अँटिबॉडी विकतच घेऊ नका. ट्रिस आणि बीएसएच बायोटिन खाऊन टाकतात. उरलेलं मोकळं बायोटिन डीसॉल्टिंग कॉलमने (लहान रेणू वेगळे करणाऱ्या नळीने) काढलं नाही तर बीड्सवरच्या जागा ते अडवतं. वेळ आणि अँटिबॉडी हाताशी असेल तर पेरिआयोडेट या रसायनाने एफसी भागावरची, म्हणजे अँटिबॉडीच्या शेपटीवरची, साखर उघडून हायड्रॅझाइड-बायोटिन (साखरेला जोडलं जाणारं बायोटिन) तिथे लावा. मग पकडणारे दोन्ही हात बाहेरच्या बाजूला मोकळे राहतात.

दुधासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुधात स्वतःचं बायोटिन असतं. अँटिबॉडी आधी दुधात घालून मागाहून बीड्स टाकायची रीत इतर नमुन्यांना चालते, दुधाला नाही. अँटिबॉडी आधी बीड्सवर बसवायची, धुवायची, मगच दूध.

माझी तक्रार माहितीपत्रकांच्या एकूण पद्धतीबद्दल आहे. १ मिलिग्रॅम बीड्सवर साधारण १० मायक्रोग्रॅम अँटिबॉडी बसते, असा आकडा मिळतो. बसलेल्यापैकी जिवंत किती, ते आपणच काढायचं. आम्ही दोन आकडे लिहून ठेवतो: वरच्या पाण्यात उरलेलं प्रथिन २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजून त्यावरून बसलेलं प्रथिन, आणि ठरावीक एम१ घालून प्रत्यक्ष पकडलेलं विष. दुसरा आकडा पहिल्याच्या मानाने घसरला की ती खेप नमुन्यांना लावत नाही. ही तपासणी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. त्या दुधावर लहान मुलं वाढतात.

खर्च झेपेल का, ते आधी बघा. मिथेनॉलने विष सोडवलं की ती अँटिबॉडी पुन्हा भरवशाची राहत नाही, म्हणजे बीड्स एकदाच वापरायचे. रोज ढीगभर नमुने असतील तर तयार कॉलमशी हिशेब मांडून ठरवा. नव्या अँटिबॉडीची पारख करायची असेल, किंवा नमुने थोडे आणि गढूळ असतील, तर पैसे वसूल आहेत.

कुपी २ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका. एका वितरकाकडून पार्सल आलं तेव्हा आत बर्फाचे पॅक थेट कुपीला टेकलेले होते. आम्ही ते परत पाठवलं, तुम्हीही उघडताना बघून घ्या. बीड्स तळाशी बसतात, म्हणून काढण्याआधी कुपी नीट फिरवा. साठवणीच्या द्रवात अझाइड हे जंतुरोधक असतं, ते धुऊन काढा. धुण्याच्या पीबीएसमध्ये (खारट बफरमध्ये) थोडं ट्वीन-२० हे साबणासारखं द्रव्य घातलं तर बीड्स नळीच्या भिंतीला चिकटत नाहीत. पहिल्यांदा २ मिलीचाच पॅक मागवा, मिलीला १० मिलिग्रॅम बीड्स असतात; पद्धत बसवायला तेवढे पुरतात.