सैनिकांवर चित्रं काढायचीत, मग आधी कुठला 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' बघू: १९३०चा की २०२२चा?

ज्यांना सैनिकाच्या मनावर युद्ध काय करून जातं यावर चित्रमालिका, एकांकिका, काहीतरी करायचंय आणि आधी एक दमदार वॉर फिल्म बघून डोकं तापवायचंय, त्यांच्यासाठी लिहितोय. आपण सोलापुरात बसलोय, खंदक कधी बघितलेला नाही. जर्मन चित्रकार ऑटो डिक्सचं वेगळं होतं, तो स्वतः पहिल्या महायुद्धात मशीनगनवर होता आणि त्यातून त्याची १९२४ची ५० एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, आली. आपल्याकडे सिनेमाच आहे, तर सिनेमा तरी नीट निवडावा.

'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'चे दोन अवतार मी कोळशाच्या चित्रांसाठी पुन्हा पुन्हा बघितले, लुईस माइलस्टोनचा १९३०चा आणि एडवर्ड बर्गरचा २०२२चा. कादंबरी एकच, जर्मन लेखक रेमार्कची, पहिल्या महायुद्धात शाळेतून थेट खंदकात गेलेल्या पॉल नावाच्या जर्मन पोराची, बाकी गोष्ट माहीत असेलच, तर ती सांगत बसत नाही.

नव्यापासून सुरू करतो कारण बहुतेक जण तोच बघतात. त्याची सुरुवात, खरं सांगतो, सोलापूरकराला जरा जास्तच लागते. मेलेल्या सैनिकाचे कपडे काढून गठ्ठे बांधतात, हौदात धुतात, पाणी लाल होतं, मग मोठ्या हॉलमध्ये बायका ओळीने शिलाई मशीनवर बसून गोळीची भोकं शिवतात आणि तोच युनिफॉर्म नव्या पोराच्या हातात. पोरगा म्हणतो यावर दुसऱ्याचं नाव आहे, तर साहेब त्याला बसला नसेल म्हणून लेबल टरकन फाडून टेबलाखाली टाकतो, आणि खाली बघितलं तर तिथे आधीच बरीच लेबलं पडलेली. आमच्या भागात मे महिन्यात शाळांच्या युनिफॉर्मची घाई चालते, घराघरातून मशीनचा आवाज येतो, त्यामुळे तो सीन बघितल्यावर मला काही दिवस कॉलरच्या मागचं लेबल शिवताना बघवत नव्हतं. संगीत पण जबरदस्त, तीनच सूर, आणि ते संगीतकाराने आपल्या पणजीच्या हार्मोनियमवर वाजवलेत, म्हणजे चक्क पेटी, पण ऐकताना पोटात गोळा येतो.

मग अडलं कुठे? तर पॉज केल्यावर. कुठेही थांबवा, तयार चित्र. धुकं, काळी झाडं, निळसर चिखल, खाली एका कडेला एवढासा माणूस, वर सगळं आकाश. छायाचित्रणाचं ऑस्कर काही उगाच नाही मिळालेलं. पण आपण कागद घेऊन बसलो की करायला काही शिल्लकच राहत नाही, कुठे काळं करायचं, कुठे कागद कोरा सोडायचा, सगळं त्या कॅमेरामनने आधीच ठरवून ठेवलंय, आणि कितीही हात मोकळा सोडला तरी शेवटी जे उतरतं ते त्याचंच चित्र. माझी सुरुवातीची चित्रं बघून एक मित्र म्हणाला, "पोस्टर झकास झालंय की." बास, तिथेच माझा मूड गेला. मरण इतकं देखणं दिसत असेल तर सैनिकाचं काय झालं हे बघायचं राहूनच जातं, असं मला वाटतं, तुम्हाला कदाचित वाटणार नाही.

जुना सिनेमा त्या मानाने ओबडधोबड. बोलपट नुकते आलेले, त्यामुळे पोरं नाटकासारखी मोठ्याने बोलतात, पॉलचं काम करणारा तर काही ठिकाणी फारच रडका आहे. पण त्यात चेहरे आहेत, हात आहेत, बूट आहेत. पाय कापलेल्या मित्राचे चांगले बूट दुसऱ्याकडे जातात, तो मेला की तिसऱ्याकडे, एवढंच दाखवलंय. खड्ड्यात पॉलच्या हातून मरणारा फ्रेंच सैनिक रेमंड ग्रिफिथने केलाय, मूकपटांतला विनोदी नट, लहानपणीच आवाज गेलेला, आणि मेल्यावरचा त्याचा तो उघड्या डोळ्यांचा चेहरा मी कितीदा काढला तरी ओठ जमत नाहीत. फ्रेम अर्धवट असतात म्हणून आपल्याला शिरायला जागा मिळते.

आणि सुट्टी! पॉल रजेवर घरी येतो तो अख्खा भाग नव्यात नाहीच. जुन्यात बापाचे मित्र बिअर पीत नकाशावर बोट ठेवून त्यालाच सांगतात की पॅरिसपर्यंत मुसंडी कशी मारायची, आणि शाळेत तो खरं बोलतो तर वर्गातली पोरं त्याला भित्रा म्हणतात, शेवटी रजा संपायच्या आत परत जातो. आमचे एक काका फौजेतून रिटायर झालेत, सीमेवर काही झालं की पानटपरीवरची मंडळी दहा मिनिटांत लाहोर घेतात आणि काका नुसता चहाचा ग्लास फिरवत बसतात, कोणी विचारलं तरी "हां, बरोबर" म्हणतात. माझ्या मालिकेत मला स्वतःला पटलेलं चित्र एकच, नकाशावरची चार-पाच जाड बोटं आणि कडेला एका युनिफॉर्मची बाही, बाकी कागद कोरा. ते नव्यातून सुचलं नसतं.

कोणीतरी विचारेलच, आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस असताना जर्मन पोरं कशाला? शांतारामबापूंचा त्यांच्यावरचा १९४६चा सिनेमा जरूर बघा, पण ती एका डॉक्टरच्या सेवेची गोष्ट, जखमी सैनिक त्यात पेशंट म्हणून येतो, त्याच्या डोक्यात काय चाललंय तिथे फारसं जायचं कारण नाही.

तर, कापडात किंवा इन्स्टॉलेशनमध्ये काम करणार असाल तर नवा बघा, ती पहिली काही मिनिटं सोन्यासारखी आहेत. रंगात हात चांगला असेल तरीही कदाचित नवाच बरा. पण माणूस काढायचा असेल तर माझं मत जुन्याला, आणि नवा नंतर, तोही पॉज न करता. फक्त जुन्याच्या वर्षानुवर्षं कापाकापी झालेल्या प्रती आहेत, म्हणून सव्वादोन तासांच्या आसपासची शोधा आणि रजेचा भाग आहे का ते आधी पुढे ढकलून बघून घ्या.