ग्लेनरिओ की अँबॉय? रूट ६६ वरची दोन ओस गावं

अमेरिकेतल्या रूट ६६ या जुन्या महामार्गावर पडक्या जागा बघायच्या म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: टेक्सास-न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचं ग्लेनरिओ आणि कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातलं अँबॉय. दोन्ही गावांच्या मुळावर आला तो एकच रस्ता. १९७० च्या दशकात इंटरस्टेट ४० हा नवा महामार्ग बाजूने निघून गेला आणि गाड्या थांबेनाशा झाल्या. पुढे १९८५ मध्ये रूट ६६ चा अधिकृत दर्जाही काढला गेला. पण आज तिथे बघायला जे मिळतं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ग्लेनरिओ खरोखरच वाऱ्यावर सोडलेलं आहे. राज्यांची सीमा गावाच्या मधून जाते आणि सगळी गंमत त्या रेषेतच आहे. टेक्सासकडच्या डेफ स्मिथ काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) तेव्हा दारूबंदी, म्हणून बार न्यू मेक्सिकोत. न्यू मेक्सिकोत तेव्हा पेट्रोलवर कर जास्त, म्हणून पंप टेक्सासात. रेल्वे स्टेशन इकडे, पोस्ट तिकडे; टपालसुद्धा राज्य ओलांडून जायचं. एका मोटेलची पाटी एका दिशेने येणाऱ्याला 'टेक्सासातलं पहिलं' सांगायची आणि उलट दिशेने येणाऱ्याला 'शेवटचं'. आता तिचा सांगाडा तेवढा उरलाय. हे सगळं ठाऊक नसेल तर तिथे दहा मिनिटांत कंटाळाल.

अँबॉयला मात्र धनी मिळाला. चिकनच्या हॉटेलांची साखळी चालवणाऱ्या अल्बर्ट ओकुरा यांनी २००५ मध्ये अख्खं गाव सव्वाचार लाख डॉलरला विकत घेतलं. तिथल्या रॉइज मोटेलची १९५९ सालची ५० फुटी पाटी २०१९ मध्ये पुन्हा उजळली. पेट्रोल आणि थंड पेय मिळतं, खोल्या रिकाम्याच आहेत. फोटो झकास येतात, पण पाटीखाली तुमच्याआधी कोणीतरी उभं असतंच. मला विचाराल तर हे ओस पडलेलं कमी आणि सजवून ठेवलेलं जास्त.

तरीही आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर अँबॉयच बरं. लॉस एंजेलिसहून साडेतीन तासांत पोचता येतं आणि जवळच ज्वालामुखीचं मुखही आहे. उन्हाळ्यात मात्र नको. पारा सर्रास चाळिशीपार असतो. कॅमेरा घेऊन एकटे निघणार असाल, तर डोळे झाकून ग्लेनरिओ. टेक्सासातल्या अमरिलो शहराहून तासाभराची वाट, आणि मुक्कामाला पुढे न्यू मेक्सिकोतलं टुकमकारी आहे, जिथे १९३९ पासूनचं ब्लू स्वॅलो मोटेल आहे. (या रस्त्यावरची कितीतरी जुनी मोटेलं गुजराती कुटुंबांनी तगवली. काउंटरवर 'केम छो' कानी पडलं तर दचकू नका.)

ग्लेनरिओतल्या इमारती खासगी मालकीच्या आहेत. फोटो रस्त्यावरूनच काढा. टेक्सासात खांबावर किंवा झाडावर जांभळ्या रंगाचा पट्टा दिसला की तो 'प्रवेश बंद'च्या पाटीइतकाच कायदेशीर असतो. गावाच्या पश्चिमेला सॅन होनकडे जाणारा जुना रस्ता कच्चा आहे, पावसानंतर तिकडे वळू नका. अँबॉयच्या पूर्वेला जुने लाकडी पूल पुराने खचल्यामुळे रस्ता मधूनमधून बंद असतो. निघण्याआधी अँबॉय ज्यात येतं त्या सॅन बर्नार्डिनो काउंटीची सूचना बघा आणि टाकी अँबॉयच्या अलीकडच्या लडलो गावातच भरून घ्या.