कुलूपबंद कपाट की उघडी मांडणी?

प्राथमिक शाळेला पुस्तकं द्यायची म्हटलं की ती ठेवायची कशात, हा प्रश्न आधी येतो. काचेच्या दारांचं लोखंडी कपाट घ्यावं, की भिंतीलगत उघड्या फळ्या? गेल्या वर्षी गावच्या शाळेसाठी आम्हा पालकांना हे ठरवावं लागलं.

कपाटाची बाजू भक्कम आहे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पुस्तकं नासायला कौलातली एक गळती पुरते. शिवाय पुस्तकं हरवत नाहीत. मात्र जून लागला की बंद कपाटात हवा कोंडून बुरशी धरते, तेव्हा तिथंही निर्धास्त राहता येत नाहीच.

डिचोली तालुक्यातल्या माझ्या शाळेत कपाटच होतं. शुक्रवारचा शेवटचा तास पुस्तकांचा. बाईंनी किल्ली फिरवली की डांबरगोळ्यांचा वास वर्गभर पसरायचा. तो वास कुठंही आला की मला अजून शुक्रवार आठवतो. पण पुस्तक घरी न्यायची सोय नव्हती. चौथीत असताना एका खलाशाची गोष्ट अर्ध्यावर आली आणि बाई जनगणनेच्या कामाला गेल्या. किल्ली त्यांच्याजवळ. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं, तरी दुसऱ्या फळीवरचा १४२ नंबर मला बाहेरून दिसायचा. काचेला नाक लावून उभा राहायचो. श्वासानं काच धुरकटली की बाहीनं पुसायचो. मग परीक्षा आली, सुट्टी लागली, शाळा बदलली. खलाशाचं पुढं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं पहिलंच आहे, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. आम्ही उघड्या फळ्या घेतल्या. भिंतीपासून चार बोटं सुटून, जमिनीपासून हातभर वर. ‘किशोर’सारखे पातळ अंक फळीवर उभे राहत नाहीत, ते सुतळीवर चिमट्यांनी टांगले. पाच-सहा पुस्तकं परत आली नाहीत, हे खरं. काहींची पानं सुटली, ती मुलांनीच खळ लावून चिकटवली.

तुमच्याकडे वर्ग फारच गळका असेल तर कपाट घ्यावं लागेल, कदाचित. तसं असेल तर किल्ली मात्र मुलांचा हात पोचेल अशा खिळ्याला टांगा.