जुना पेट्रोल पंप बघायला शिकागोहून दीड तास? हो, गेलो!

रूट 66 या अमेरिकेतल्या जुन्या हायवेवरचे बंद पडलेले पंप शोधायचं खूळ मला लागलंय, बायको म्हणते लोक देवळं बघतात तू पंप बघ. तर ड्वाइट गावातला अँबलर्स टेक्साको, 1933 चा, लांबून पंप वाटतच नाही, पांढरं लाकडी घर आणि पुढे ओसरीसारखं छप्पर, त्याखाली लाल पंप उभे. 1999 पर्यंत इथे खरंच पेट्रोल विकायचे म्हणजे बघा! आता व्हिजिटर सेंटर केलंय, आत गॅरेज तसंच ठेवलंय, ते नक्की बघा.

पण माझं मन जास्त रमलं ते पुढच्या ओडेलला. तिथला स्टँडर्ड ऑइलचा पंप 1932 चा, निळं-पांढरं छोटंसं घरच. एवढ्याशा गावात तेव्हा इतकी ट्रॅफिक की रस्ता क्रॉस करायला 1937 मध्ये खालून भुयार काढावं लागलं, आणि आज? मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून फोटो काढले, एक गाडी आली नाही.

दोन्हीकडे पेट्रोल मिळत नाही हं, टाकी आधीच भरा (आम्ही विसरलो होतो 😅). जेवणाचा डबा पण सोबत घ्या.